डावीकडची सीट

६ जाने. ८०, रविवार
आज एकट्यानं जीप काढली. गल्लीच्या टोकापर्यंत पहिल्या गिअरमध्ये नीट गेली. दुसरा टाकायला उजवा हात स्टिअरिंगवरून सोडून पलीकडे नेला, तेवढ्यात जीप जोशीमास्तरांच्या मेंदीच्या कुंपणात. मास्तर बनियनवरच बाहेर आले. सरळ ढकलायला लागले. रागावले असते तर बरं झालं असतं.

मोटारसायकलवरून पडलो तेव्हापासून डावा हात नावालाच आहे. कोपर वाकत नाही, बोटं मिटत नाहीत. त्यानंतर नऊ वर्षं गिअर इंदूनं टाकले. ती डावीकडे बसायची. मी क्लच दाबून ‘दोन’ म्हणायचो, ती दांडा ओढायची. पुढं पुढं म्हणावंही लागत नसे. लोक हसायचे, एक जीप अन् दोन ड्रायव्हर म्हणायचे. हसेनात का, आम्ही सावनेरच्या वावरात वेळेवर पोचायचो.

दिवाळीच्या आधी ती गेली. जीप तेव्हापासून शेडमध्ये.

९ जाने.
सुधाकरचं पुण्याहून पत्र. जीप विका, वावर मक्त्यानं द्या, इकडे या. एक खोली तुमचीच आहे. मुलगा चांगला आहे, वाईट काहीच लिहीत नाही. पण अडीचशे संत्र्याची झाडं इंदूनं एकेक करून लावलेली, पहिल्या उन्हाळ्यात तिनं घागरीनं पाणी घातलेलं. ती दुसऱ्याच्या हवाली करून मी पुण्याच्या गॅलरीत बसून काय करणार? खालच्या गाड्या मोजणार?

एस.टी.नं जाऊन पाहिलं मागच्या आठवड्यात. फाट्यापासून तीन मैल चालणं. गुडघे दोन दिवस बोलत होते.

बिनागिअरची गाडी पाहायची. म्हणजे गिअर असतात, पण आपोआप पडतात. खापरखेड्याला वीज केंद्रात नोकरीला होतो तेव्हा एका परदेशी पाहुण्या इंजिनिअरच्या तोंडून ऐकलं होतं. तेव्हा वाटलं होतं, काय आळशी लोक आहेत.

१३ जाने., रवि.
सदर भागात रशीदभाईच्या गॅरेजवर. लिलावातली जीप घेतल्यापासून तोच तिचा डॉक्टर. त्याला इंदूचं कळलं नव्हतं. कळल्यावर पाना खाली ठेवला अन् बराच वेळ हात पुसत बसला.

मग कामाचं. गिअरचा दांडा उजवीकडे आणता येईल काय? “ला दूँगा साब. पर हाथ तो वोच एक है ना. गिअर पकडा तो स्टिअरिंग कौन पकडेगा?” हे माझ्या टाळक्यात का आलं नाही. लहान गाड्या सगळ्या क्लच-गिअरच्याच. त्या नव्या बिनागिअरच्या दुचाक्यांना दोन्ही हात पाहिजेत, शिवाय संत्र्याची खोकी काय डोक्यावर ठेवू?

“ऑटोमेटिक पूरे नागपूर में मेरे देखने में एकच है. सिविल लाइन में, डॉक्टर साब की. डॉक्टर साब तो गये, गाडी खडी है.”

१५ जाने.
संक्रांत झाली. जोशीमास्तरांच्या सौ. दारातूनच तिळगूळ देऊन गेल्या. सवयीनं दोन लाडू दिले. मग त्यांच्याच लक्षात आलं, तोंड फिरवून लगबगीनं गेल्या. एक खाल्ला. दुसरा डब्यात ठेवला. का ठेवला, माहीत नाही.

२० जाने., रवि.
रशीदभाईनं दिलेला ड्रायव्हर घेऊन वावरात. चांगला चालवतो, फक्त बिडी फार ओढतो अन् माझ्या जागेवर बसतो. मी मागच्या बाकावर बसलो. पुढं डावीकडे बसवलं नाही. “आगे आओ ना साब, पीछे उछलेंगे,” तो दोनदा म्हणाला. उसळलो. कंबर अजून दुखते.

पार्बतानं (वावराची राखण तिच्याकडे, इंदूची जिवाभावाची) पाणी दिलं, गूळ दिला, अन् डोळ्याला पदर लावला. पूर्वी दुपारचं जेवण झालं की मी गावात पत्ते खेळायला जायचो. तासा-दोन तासांनी परत यायचो तर जीप सावलीत अन् रस्त्याकडे तोंड करून, निघायला तयार. “मी अन् पार्बतानं ढकलली,” इंदू म्हणायची. आज जीप उन्हातच उभी राहिली. पत्र्याला हात लावला तर चटका.

ड्रायव्हर कायमचा ठेवणं पेन्शनीत बसत नाही. बसत असतं तरी बिडी.

२७ जाने., रवि.
सिव्हिल लाइन्स. डॉक्टरीणबाई उंच, पांढरं लुगडं, फार कमी बोलतात. गाडी लांबलचक, फिकट निळी, रबराचा वास. क्लच नाहीच. डावा पाय कुठं ठेवावा कळेना, पाहुणा आल्यासारखा बाजूला पडून होता. सेमिनरी हिलच्या चढावर नेली. शेजारी रशीदभाई. चढाला गाडीनं स्वतःच इंजिनाचा आवाज बदलला, गिअर खाली आला, कोणी काही म्हटलं नाही.

आणि मी ‘दोन’ म्हणालो. मोठ्यानं.

रशीदभाई खिडकीबाहेर बघत राहिला. भला माणूस.

गाडी उत्तम. एका हातानं कुठंही जाता येईल. पेट्रोल पाण्यासारखं पिते. रशीदभाईचं मत: “साब, चलती रही तो राजा. इसका गिअर एक बार खुल गया तो बंद करनेवाला इधर कोई नई.” बाईंनी सांगितलेली किंमत जीप विकली तर जमते. जीप ठेवून नाही.

परत येताना गाडीत किती शांतता. पण इंदूही रस्त्यात बोलत नसे. घरी बडबड, जीपमध्ये बसली की मुकी. एकदा पाटणसावंगीजवळ मी वैतागून म्हणालोही होतो, काहून वं, तोंड शिवून टाकलं काय? हसली नुसती. दुसरीकडे बघत होती. मला वाटायचं, हिला माझ्याबरोबर हिंडायचा कंटाळा.

३ फेब्रु., रवि.
डॉ.बाईंकडे पुन्हा. चहा दिला. म्हणाल्या, “सोमवार अठरापर्यंत सांगा. रायपूरचं एक गिऱ्हाईक आहे, ते वरातीसाठी मागतं.” मग थोड्या वेळानं: “तुम्हीच घेतली तर दुपारी दोननंतर न्या. मी तेव्हा झोपलेली असते. ती फाटकातून जाताना मला ऐकायची नाही.”

किंमत थोडी कमी करायला गेलो होतो. तो विषय काढलाच नाही.

जीपला गिऱ्हाईक रशीदभाईनं आणलंय. कामठीचा कंत्राटदार. वाळू वाहणार. इंदूनं शिवलेल्या सीटच्या खोळींवर वाळू.

९ फेब्रु., शनि.
मंगल आली वर्ध्याहून, एकटीच. शिकवते त्या शाळेला दोन दिवस दांडी. सुधाकरनं बहिणीला लिहिलं असणार, बाबांना समजाव म्हणून. पण ती काहीच समजावत नाही. आईच्या साड्या काढल्या, घड्या मोडल्या, पुन्हा घातल्या. मी तिला निळ्या गाडीबद्दल सांगितलं. “तुमाले कोणी लागणारच नाही मंग,” म्हणाली. कौतुकानं म्हणाली की कसं, कळलं नाही. उद्या संत्र्याची तोड आहे, ती पण येते म्हणते.

१० फेब्रु., रवि.
काय लिहू. क्रमानं लिहितो.

तोड सुरू झाली. ड्रायव्हर जेवायला गावात त्याच्या साडूकडे गेला. तेवढ्यात खोकी न्यायला बैलांची बंडी आली अन् जीप नेमकी तिच्या वाटेत. मी म्हणालो, थांबा, येऊ दे त्याला. बंडीवाला कुरकुरायला लागला. मंगलनं पदर कमरेला खोचला अन् सरळ माझ्या जागेवर जाऊन बसली. “बाबा, बसा तिकडून. गिअर तुमी टाका.”

मला वाटलं थट्टा. पार्बता तर अंगठ्यावर चुना घेत उभी, तिला काहीच नवल नाही. “बसा ना जी मालक. बाई अशाच बसत. ताई तिकडं, बाई इकडं. साऱ्या वावरात फिरवत मायलेकी.”

कधी?

“तुमी पत्ते खेळाले जात ना गावात.”

आणि एकटी? “एकट्या तं रोजच्या जी. सावलीत कोन लावे मंग?”

इंदूला दोन धडके हात होते. नऊ वर्षं ती मला घेऊन जाऊ शकत होती, तिला माझ्या ‘दोन’ची काही गरज नव्हती. मी विचारलं मंगलला, मग सांगितलं काहून नाही मले? मंगल स्टिअरिंगकडे बघत म्हणाली, “मी पण हेच म्हटलं होतं आईले. तं म्हणे, सांगितलं तं ते म्हणतील तूच चालव. अन् स्वतः डावीकडं बसणार नाहीत. मंग घरातच बसून राहतील.”

बंडीवाला ओरडला. मी बसलो डावीकडे. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

मंगलला स्टिअरिंग येतं, क्लच येतो. गिअर येत नाही. “ते पुढल्या दिवाळीले शिकवतो म्हणे आई.” अन् तिनं किल्ली फिरवली.

माझा उजवा हात डावीकडच्या सीटवरून दांड्याला बरोबर पोचतो. हे मला कधी सुचलंच नव्हतं. पहिला पडला. दुसऱ्याला तिनं क्लच दाबला, मी पार्बताच्या शेळ्यांकडे बघत होतो, चुकलो. असा खर्रकन आवाज की झाडावरचे पोपट उडाले. “बाबा, लक्ष!” पुन्हा. मग मी बघणं सोडलं. तिच्या पायाकडे कान, इंजिनाकडे कान. वाटेवरून, विहिरीपर्यंत, फाटकातून बाहेर, डांबरी रस्त्यापर्यंत. झाडं कुठली गेली, कोण भेटलं, मला काही माहीत नाही. बोलायला तोंडच उघडत नव्हतं. बोललो असतो तर पाय ऐकू आला नसता.

पाटणसावंगीला इंदू मुकी काहून होती, ते मला आज समजलं. आणि मी तोंड शिवलं काय म्हणालो होतो.

ड्रायव्हर परत आला तर जीप सावलीत, रस्त्याकडे तोंड. येताना मी मागे बसलो, शेजारी मंगल. मी रडलो, ती बघत नसल्यासारखं दाखवत होती.

११ फेब्रु.
मंगलला वर्ध्याच्या गाडीत बसवून आलो. स्टँडवर म्हणाली, “महिन्यातून एखादा रविवार जमन बाबा. त्याच्यापेक्षा जास्तीचं कबूल करत नाही. पोरं आहेत, शाळा आहे, सासूबाई आहेत.” खोटं आश्वासन दिलं नाही, आईवर गेली आहे. म्हणजे, आईचं आता काय म्हणावं कळत नाही.

घर इतकं रिकामं की कुकरची शिट्टी झाली तर दचकलो.

१३ फेब्रु.
आज राग आला. चांगलाच. भांडी घासताना आपटली. मला लहान पोरासारखं खेळवलं नऊ वर्षं. गाडी मी चालवतो, असं गावभर मिरवायचो. जोशीमास्तरांना सांगायचो, एका हातानं चालवतो पहा. ती शेजारी बसून ऐकायची. हसू यायचं असेल तिला? माझी कीव यायची असेल?

कीव नसेल. कीव करणारं माणूस असं कान लावून बसत नाही.

संध्याकाळी राग गेला. राहिला असता तर सोबत झाली असती.

१५ फेब्रु.
कामठीचा कंत्राटदार जीप पाहून गेला. सगळीकडे थोपटून पाहिली. बयाणा द्यायला खिशात हात घातला. मी म्हणालो, सोमवारनंतर. रशीदभाई मला बाजूला घेऊन म्हणाला, “साब, दिल में क्या है?” मी म्हणालो, सीटच्या खोळी धुवायच्या राहिल्यात.

१७ फेब्रु., रवि.
उद्या डॉ.बाईंना हो किंवा नाही. दोन्ही बाजूनं विचार केला, तीच ती गोष्ट. निळी गाडी घेतली तर दर आठवड्याला वावरात, कोणाला विचारायचं नाही, कोणाची वाट पाहायची नाही. जीप ठेवली तर महिन्यातून एक रविवार, तोही जमला तर. बाकीच्या रविवारी एस.टी. अन् तीन मैल. कोणीही हिशेबी माणूस निळी गाडीच घेईल. मीही जन्मभर हिशेबी होतो.

खोळी धुऊन वाळवून जीपला घालायला शेडमध्ये गेलो. घालून झाल्यावर डावीकडे बसलो, थोडा वेळ. तिथून रस्ता अर्धाच दिसतो, मधे वायपरचा दांडा येतो. उजवीकडे मान वळवली तर चालवणारा मात्र पूर्ण दिसतो, कपाळापासून पायापर्यंत. नऊ वर्षं तिला मी असा दिसत होतो. मला ती आरशातही दिसत नव्हती, मी कधी तसा वळवलाच नाही.

मंगलला कार्ड लिहिलं: मार्चचा कोणता रविवार, कळव. गिअर मी टाकतो. पेटीत टाकायला निघालो अन् कोपऱ्यावरून परत आलो. जीप राहिली तरच त्या कार्डाला अर्थ, म्हणून उद्या आधी डॉ.बाईंकडे जायला हवं. जे काय सांगायचं ते चालता चालता ठरेल, अर्ध्या तासाची वाट आहे. कार्ड सदऱ्याच्या खिशात आहे. डॉ.बाई दुपारी दोनला झोपतात, तेव्हा त्याआधी पोचायचं.