प्रत्येक घडीत मूठभर कापूर

तीर्थरूप आईस,
क्योतोहून फुसाएचा वाकून नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. पण आई, किमोनोला कसलाही वास नको, असं तीन पत्रांत लिहिलं होतं ना गं? धुपाचे सुगंध ओळखायच्या बैठकीआधी आम्ही लसूणसुद्धा खात नाही!

पार्सल नेमकं बैठकीच्याच सकाळी आलं. उघडते तर प्रत्येक घडीत मूठभर कापूर! दोन तास किमोनो वाऱ्यावर टांगला, शेवटी तसाच नेसून गेले. दुसरा आहे कुठे?

इथे वास घेत नाहीत, ऐकतात. अगरूच्या धुपाची वाटी फिरत गुरुबाईंकडे आली. डोळे मिटून म्हणाल्या, "वा! आज कुणाच्या तरी आईची कपड्यांची पेटी ऐकू येतेय." सगळ्या फिदीफिदी हसल्या. माझी परीक्षेची बैठक, आणि मी बाहेर व्हरांड्यात!

इतका कापूर कुणी घालतं का? स्वतःला वास येईपर्यंत घालत बसली होतीस की काय?

हे लिहिलं आणि हात थांबला. बाबांच्या पत्रात होतं, महिन्यात दोनदा भात करपला आणि तू चुलीशेजारीच बसली होतीस. मी वाचून हसले होते.

आई, खरं सांग. तुला वास येतो ना?

तुझी रागावलेली,
फुसाए