ओला हात

४ नोव्हेंबर

आजपासून मी माशांचा डॉक्टर. आई फोनवर म्हणाली, दुसरं वर्ष अर्धवट सोडून हेच दिवे लावायचे होते का? मी म्हटलं, दिवे लागलेत, प्रत्येक टाकीत एक, येऊन बघ. तिला हसू आलं, म्हणजे अर्धा राग गेला.

दुकान शोभेच्या माशांचं, माझी खोली त्याच्यावरच. जिना चढताना सगळ्या टाक्यांचे पंप एकदम घोरत असल्यासारखे ऐकू येतात. मालकांना सगळे काका म्हणतात. त्यांनी एकच नियम शिकवला आणि तो माझ्याकडून पाठ म्हणवून घेतला: ओला हात दुसऱ्या पाण्यात घालायचा नाही. आजारी टाकीची जाळी वेगळी, बादली वेगळी, आणि हात कोपरापर्यंत धुऊन, पुसून, कोरडा. मी हसलो. काका हसले नाहीत.

काकांचा भाचाही दुकानात असतो. कडक इस्त्रीचा शर्ट, मनगटावर जाडजूड घड्याळ, हात कशालाच लावत नाही. मला 'प्रोफेसर' म्हणतो. पहिल्याच दिवशी भांडायचं नाही असं ठरवलं होतं म्हणून वाचला. कॉलेजात मला आवडणारी मुलगी ज्याच्या मोटारसायकलवर बसून गेली, त्याच्या गाडीचे दोन्ही आरसे मी फोडले होते. तेव्हापासून मी असं बरंच काही ठरवत असतो.

८ नोव्हेंबर

पहिला रुग्ण. दोन गल्ल्या सोडून एक बाई एकटी राहते, घरीच कपडे शिवते. बाई म्हणजे वयाने माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. दार उघडलं तेव्हा तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे नुसती मान हलवून आत बोलावलं. टाचण्या काढल्यावर म्हणाली, या, मासेवाले. मासे विकणारा वेगळा आणि मी वेगळा हे समजावायला गेलो, तर म्हणाली, तुम्ही तर रागावलात. नाही रागावलो. कुठला रागावतोय.

एकच मासा, शेपटीचा झगा पसरून फिरणारा सोनेरी गोल्डफिश. नाव लाडोबा. त्याच्या अंगावर पांढरे ठिपके उठलेत, अगदी तिच्या टाचण्यांच्या डोक्यांएवढे. काकांनी सगळं समजावलं होतं, तेच मी ऐटीत तिला ऐकवलं. ठिपका म्हणजे कातडीखाली घुसून बसलेला जीव. तो तिथे आहे तोवर औषधाला दाद देत नाही. पोट भरलं की आपणच गळून तळाशी जातो, तिथे एकाचे शेकडो होतात आणि भुकेले होऊन पाण्यात सुटतात. औषध लागू पडतं ते फक्त तेव्हा. म्हणून ठिपके गेले की लोक खूश होतात, पण खरी वाईट वेळ तीच.

ती सगळं ऐकून म्हणाली, बिचारा माझा लाडोबा. निळ्या दांडीच्या कपात चहा दिला. पाणी कोमट ठेवायचं, मीठ मोजून, रोज थोडं पाणी बदलायचं. म्हणजे रोज यायचं.

१३ नोव्हेंबर

लाडोबा सुधारतोय. लेकाचा. ती काचेला नाक लावून त्याच्याशी बोलते, तो तोंड उघडतो, ती हसते. मी पाण्याची बादली घेऊन शेजारी उभा. त्या माशाशी ती जितकं बोलते त्याच्या पावपटही कोणी माझ्याशी असं बोललेलं नाही.

आज गेलो तर भाचा आधीच तिथे. हीटर पोचवायला आला होता म्हणे. हीटर पोचवायला एवढा वेळ? निळ्या दांडीच्या कपातून फुर्रकन चहा ओढत होता. माझ्या कपातून. मला स्टीलच्या पेल्यात मिळाला. जाताना तो तिला म्हणाला, दोन-चार दिवसांत मासा ठणठणीत, मग प्रोफेसरची कटकट संपली. ती हसली.

पेल्याने जीभ भाजली, तरी मी सगळा चहा प्यालो.

१५ नोव्हेंबर

केलं.

दुकानाच्या मागच्या आजारी टाकीत हात घातला, चांगला तळापर्यंत ढवळला. मग ओल्या फडक्यात गुंडाळून तिच्याकडे चालत गेलो. तिने विचारलं, हाताला काय लागलं? आणि माझं मनगट दोन्ही हातांत धरलं. काही नाही म्हटलं. फडकं सोडलं आणि हात लाडोबाच्या पाण्यात घातला. तो माझ्या बोटांना येऊन चिकटला, खाऊ समजून.

१९ नोव्हेंबर

लाडोबा पांढराफटक, साखरेत घोळल्यासारखा. तिचे दिवसातून दोनदा फोन येतात. आज तिने शिवणाची कामंही परत पाठवली. भाच्याला दारातूनच सांगितलं की आत्ता नको, डॉक्टर आहेत. मासेवाले नाही म्हणाली. डॉक्टर.

इतका आनंद मला कधी झाला नव्हता. मनगटाला खाज आहे थोडी. मिठामुळे असेल.

२२ नोव्हेंबर

लाडोबा गेला. तिने त्याला रेशमी कापडाच्या तुकड्यात गुंडाळून कुंडीत पुरलं आणि पदराने डोळे पुसत राहिली. मला त्या कुंडीचा मत्सर वाटला. हे वाचून कोणी मला वेडा म्हणेल. म्हणू दे.

मनगटावर ठिपके आहेत. पांढरे, टाचण्यांच्या डोक्यांएवढे. डॉक्टर, म्हणजे माणसांचे, म्हणाले अ‍ॅलर्जी. मलम दिलं.

२४ नोव्हेंबर

काकांना हात दाखवला. आधी हसले. म्हणाले, अरे, माणसाला नाही होत हे, उभ्या आयुष्यात ऐकलं नाही. मग चष्मा लावून पाहिलं आणि हसायचे थांबले. विचारलं, कुठल्या पाण्यातून कुठल्या पाण्यात घातलास? मी बाही खाली ओढली. त्यांनी बराच वेळ स्वतःचे हात धुतले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, दुकानात खाली येऊ नकोस.

मानेपर्यंत आलेत. कोरडी हवा लागली की आग होते. बादलीत हात बुडवला की बरं वाटतं, म्हणून बादली जवळच.

२६ नोव्हेंबर

तिच्या दारात चक्कर येऊन पडलो. खरंच पडलो, नाटक नव्हतं. शुद्धीवर आलो तो तिच्या न्हाणीघरातल्या टबात. कोमट पाणी, मीठ घातलेलं. ती म्हणाली, माझ्या माशापायी झालं तुम्हाला हे, मी बरं करीन. खरं नाही सांगितलं.

चमच्याने पेज भरवते. टबाच्या काठाला हनुवटी टेकून बोलते. आज चुकून मला लाडोबा म्हणाली.

लाडोबा.

२७ नोव्हेंबर

वही काठावर ठेवून लिहितोय, पानं फुगलीत. आवाज गेला. तोंड उघडतं, मिटतं, बुडबुडे येतात. ती हसते, म्हणते, कळलं, भूक लागली.

भाचा मिठाची पिशवी घेऊन आला. माझ्याकडे बघून तोंड वाकडं केलं. मग बाहेर बसला. निळ्या कपाचा आवाज ओळखू येतो मला, बशीवर ठेवताना. ती हसली, दोनदा. मी पाण्यात हात आपटला, तेव्हा आली.

आपटलं की येते.

२८ नोव्हेंबर

बरं व्हायचं नाही मला. बरा झालो की ती म्हणेल, आता जा. ठिपके मोजत नाही. झाकून ठेवतो, हाताने, कोणी चोरू नये म्हणून.

भाचा परत आला. रोज येतो आता. माझ्यासाठी येतो म्हणतो.

२९ नोव्हेंबर

ठिपके गेले. सगळे. सकाळी अंग स्वच्छ, लहान बाळासारखं. तिने आनंदाने टाळ्या वाजवल्या, भाच्याला फोन केला की या, टब रिकामा करू, यांना उद्या घरी सोडू.

घरी—

ठिपके गेले नाहीत. गळलेत. तळाशी आहेत, माझ्या पाठीखाली, वाळूसारखे लागतात. काका म्हणाले होते की तीच खरी—

२९, दुपार

पाणी दुधाळ होतंय. खालून वर येतंय. माझ्याकडे येत नाहीत. मी संपलो त्यांच्यासाठी. काठाकडे जातात, जिथे ती हनुवटी टेकते.

भाचा आला. घड्याळ काढून ठेवलं. टबाचं बूच काढायचंय म्हणतो, तळाशी. घाल. घाल हात. मी गप्प बसणार आहे—

नाही, पण मग ती त्याला भरवेल. त्याला म्हणेल—

ती म्हणाली, थांबा, तुमचा शर्ट भिजेल, मीच काढते. अंगठी काढली. काठावर ठेवली. बाही वर करतेय, कोपरापर्यंत, हात कोरडा आहे, स्वच्छ—

नको. आवाज नाही. वही वर धरतोय, वाच, हात घालू नको, मीच आणलं हे, मी, ओल्या हाताने— ती वाचत नाही, तो काहीतरी म्हणाला आणि ती हसतेय, त्याच्याकडे बघून, बोटं पाण्याला

इकडे बघ. त्याच्याकडे नको, माझ्याकडे ब—