एक बाज वळेल एवढी जागा

"विशे, पुस्तकं कुठंबी राहत्यात. माणूस गेलं तर ठेवायचं कुठं?"

मी जिथे वाढले त्या आमच्या गल्लीतल्या वाचनालयाच्या पहिल्या बैठकीत चंपाबाई कडुबा म्हस्के यांनी हे विचारलं होतं. त्याला आता बरीच वर्षं झाली. मृत्युपत्राची सुरुवात अशी करत नसतात, असं वकीलसाहेबांनी मला बजावलं आहे. त्यांनी दिलेल्या मसुद्यातली कायद्याची वाक्यं मी घेतली आहेत. बाकीचं माझं.

मी, विशाखा पुंडलिक दाभाडे, वय सेहेचाळीस, व्यवसाय इमारतींचे आराखडे करणे, राहणार उल्कानगरी, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. पुढच्या महिन्यात माझं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचं कारण नाही. मला काळजी वेगळ्याच गोष्टीची आहे. माझं लग्न झालेलं नाही, मूलबाळ नाही. जवळची वारस एकच, धाकटी बहीण तनुजा. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम १. बँकेतली शिल्लक आणि आईची मण्यांची पोत तनुजाला द्यावी. आईचं शिलाई मशीन तिने मला न विचारता नेलेलं आहे. तेही तिलाच देते. म्हणजे मी तिच्या घरी गेल्यावर त्याच्यावर चादर टाकून ठेवायची तिला यापुढे गरज नाही.

कलम २. ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर आणि पट्ट्या मी जिथे शिकले त्या तंत्रनिकेतनाला द्याव्यात. मुलं आता सगळं कॉम्प्युटरवर काढतात, हे मला माहीत आहे. कोपऱ्यात ठेवा. लोखंडी शिडी वाचनालय समितीचे सचिव इंद्रजीत साळवे यांच्याकडे आहे. ते म्हणतात ती वाचनालयाची आहे. ती माझी आहे. मी ती वाचनालयाला देते, वाद मिटला.

कलम ३. दिवाणखान्यातलं काचेचं मानचिन्ह भंगारवाल्याला द्यावं. त्याने घेतलं नाही तर फोडून टाकावं.

याचं कारण लिहिणं भाग आहे. ते मानचिन्ह मला या वाचनालयाच्या आराखड्यासाठी मिळालं. त्यावर 'दुर्लक्षित जागेचा सर्वोत्तम वापर' असं कोरलेलं आहे. ती जागा दुर्लक्षित नव्हती. आमच्या गल्लीत समोरून माणूस आला तर आपल्याला तिरकं व्हावं लागतं. विहार एका खोलीएवढा. मोकळी जागा म्हणायची तर तेवढीच, हापशाजवळची. तनुजाला हळद तिथेच लागली. उन्हाळ्यात बायकांच्या कुरडया तिथे वाळायच्या. आमचे वडील गेले तेव्हा त्यांना तिथेच ठेवलं होतं, आणि वंदनेला सगळी गल्ली मावली होती. हे सगळं ठाऊक असून मी आराखड्यावर त्या जागेत लिहिलं: 'वापरात नसलेला भूखंड'. असं लिहिलं की मंजुरी लवकर मिळते.

कोणी हरकत घेतली नाही. आमच्या गल्लीत वाचनालयाला नाही कोण म्हणणार? ज्यांच्या आजोबांना शाळेत दाराबाहेर बसवलं, ती माणसं पुस्तकांना जागा देताना हात आखडत नाहीत. "घे पोरी, समदी घे," म्हणाले. मी सगळी घेतली, भिंतीपासून भिंतीपर्यंत. एकट्या चंपामावशींनी प्रश्न विचारला. त्यावर कोणीतरी म्हणालं, "मावशी, शुभ बोला की जरा!" सगळे हसले. मीही हसले.

कलम ४. उल्कानगरीतला माझा राहता फ्लॅट विकून येणारी रक्कम वाचनालय समितीला द्यावी, पण पुढील अटीवर. खालच्या दालनातली जमिनीत पक्की केलेली टेबलं उखडावीत. त्यांच्या जागी चाकांची, घडी होणारी टेबलं आणावीत. मधली पुस्तकांची कपाटं वरच्या मजल्यावर न्यावीत. वरचा स्लॅब तेवढं वजन घेतो, तो मीच तसा केला आहे. गल्लीत कोणी गेलं तर त्या दिवशी खालचं दालन रिकामं करून त्या घराला द्यावं. परीक्षेचे दिवस असले तरी द्यावं.

टेबलं पक्की करायची कल्पना माझी होती. चोरीला जातील, अशी भीती मला वाटली. आपल्याच गल्लीची भीती.

कडुबाकाका, म्हणजे चंपामावशींचे यजमान, मे महिन्यात गेले. घर एका खोलीचं, वर पत्रा. माणसं बाहेर उन्हात उभी. मी धावत जाऊन वाचनालयाचं दार उघडलं. आत अभ्यास करणारी मुलं होती. ती काही न सांगता उठली आणि पुस्तकं छातीशी धरून भिंतीला लागून उभी राहिली. चौघांनी काकांची बाज आत आणली. पहिल्या टेबलापर्यंत आली आणि अडली. दोन टेबलांमधली वाट मी पाठीवर पिशवी घेतलेल्या एका मुलाच्या मापाने ठेवली होती. बाज वळेना.

"वर उचला, टेबलावरनं घ्या," मागून कोणीतरी म्हणालं.

टेबलांवर पुस्तकं उघडी पडली होती. चंपामावशी दारातूनच म्हणाल्या, "नगं. पुस्तकावरनं नका नेऊ त्यांना. चला माघारी."

ते चौघे पाठमोरे, पावलं चाचपत बाहेर गेले. काकांना शेवटी गुलमंडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका बंद दुकानाच्या शटरसमोर ठेवलं. वंदना हॉर्नच्या आवाजात झाली. एक रिक्षावाला ओरडला, "अरे भाई, रस्ता है ये, घर का आंगन है क्या?" त्याचं काही चुकलं नव्हतं. अंगण मी बांधून टाकलं होतं.

ही अट मी समितीपुढे दोनदा मांडली. इंद्रजीत म्हणाले, "ताई, आज मयत, उद्या हळद, परवा बारसं. वाचनालय आहे का मंगल कार्यालय? पोरांनी बसायचं कुठं?" ते चुकीचं बोलत नाहीत, हीच माझी अडचण आहे. त्या दालनात बसून गल्लीतल्या मुली तलाठी झाल्या, पोलिसात लागल्या. त्यांच्या घरी पाय पसरायला जागा नव्हती. एका घराचं दुःख निवारायला मी त्यांच्या खुर्च्या हलवायला सांगते आहे, तेसुद्धा मेल्यावर, पैशाचा धाक दाखवून. हे मला शोभत नाही. तरी अट कायम ठेवते.

माझ्या मृत्यूनंतर एक वर्षात समितीने अट पाळली नाही तर फ्लॅट तनुजाचा. तनुजाला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "ताई, ते काय ऐकत नाहीत. मी आतापासून रंग बघून ठेवू का?" मग रडली. तिला घराची गरज आहे. तिच्याशीही मी नीट वागत नाही आहे.

कलम ५. माझा देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. माझ्यासाठी कोणी जागा शोधू नये.

कलम ६. अट पाळली गेली की नाही हे ठरवून रक्कम देण्याचा अधिकार ज्यांना असेल, त्या व्यवस्थापक म्हणून मी चंपाबाई कडुबा म्हस्के यांना नेमते.

गेल्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेले होते. त्या उंबऱ्यात मेथी निवडत बसल्या होत्या.

"या मॅडम," म्हणाल्या. काका गेल्यापासून त्या मला मॅडम म्हणतात.

मी सगळं सांगितलं. त्यांचे हात थांबले नाहीत.

"म्हंजी मी काय करायचं?"

"टेबलं हलवली की समिती तुम्हाला बोलवेल. चौघं रिकामी बाज आत आणतील, वळवतील, खाली ठेवतील. जमलं असं तुम्ही म्हणालात की पैसे द्यायचे."

"अन् नाय जमलं तर?"

"तर नाही म्हणायचं."

"'नाय' तर मी तवाच म्हनलं व्हतं. लई हसले समदे." मग मेथीची जुडी माझ्या पिशवीत कोंबत म्हणाल्या, "त्या दारातनं मला आत जायला लावू नका मॅडम. भाजी आजच करा, उद्याला पिवळी पडंल."

मी भाजी केली. सगळी संपवली.

ज्यांनी नकार दिला आहे त्यांना नेमू नये, असा वकीलसाहेबांचा सल्ला आहे. म्हणून पर्यायी व्यवस्थापक म्हणून वकीलसाहेबांचंच नाव लिहिते: ॲड. कृष्णा बनकर. ते टेपने माप घेतील आणि ते माप बरोबर येईल. माझंही बरोबर आलं होतं.

चंपामावशी, माझ्यानंतर त्या दारातून एकदाच आत या, आणि बाज वळते का ते तुम्ही स्वतः बघून सांगा. तुम्ही याला नाही म्हणाल, हे धरूनच विचारते आहे.

ठिकाण: छत्रपती संभाजीनगर
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५

सही: विशाखा पुंडलिक दाभाडे

विशाखाताईंनी वरील मजकूर वाचून आमच्यासमोर सही केली, आणि आम्ही त्यांच्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या.

साक्षीदार: १) अतुल रंगनाथ वाहुळे, शेजारी
२) सत्यभामा दिगंबर पाखरे, निवृत्त ग्रंथपाल