तुटलेला कान

रविवार, संध्याकाळ

वर्तकनगरच्या स्लॉट कार स्पर्धेत, म्हणजे खाचेतून धावणाऱ्या विजेवरच्या खेळण्यातल्या गाड्यांच्या शर्यतीत, आज मोटरी तपासायचं काम माझ्याकडे होतं. बाळकुमचे दामूकाका पहिल्यांदाच फायनलला पोचले आणि वेग वाढवायला त्यांनी मोटरीतली तार बदलली असेल असा मला संशय आला. तक्रार कोणाचीच नव्हती.

"अगं पोरी, फायनल झाल्यावर उघड ना!"

"नियम सगळ्यांना सारखा, काका."

पण बाकीच्यांच्या मोटरी मी कुठे उघडल्या? काकांच्या मोटरीचं झाकण धरून ठेवणारे पत्र्याचे दोन दुमडलेले कान सरळ करताना एक तुटला. आतली तार अगदी नियमाप्रमाणे होती. झाकण मात्र परत बसेना, आणि काकांकडे दुसरी मोटर नव्हती.

"काका पास, मोटर खल्लास!" कोणीतरी ओरडलं. सगळे हसले, काकाही. फायनल त्यांनी कडेला उभं राहून पाहिली, मुठीत तो कान धरून.

निघताना सगळे मला म्हणाले, "पुढच्या वेळीही तूच तपास. तुझ्यासारखं कडक कोणी नाही."

मी हो म्हणाले.