निर्मलाचे आकडे आणि चुडामणचा घड

तीर्थस्वरूप वसंतदादांना प्रभाकरचा साष्टांग नमस्कार.

आपले गुडघे कसे आहेत? वहिनींनी साखर सोडली का? (सोडली नसल्यास मी विचारल्याचं सांगू नये.) इकडे मी खुशाल आहे. आपली बहीण निर्मला काल पहिल्या बसने खकनारला आपल्याकडे आली. का आली, ते तिने सांगितलं असेलच. पण तिला सगळं थोडक्यात सांगायची वाईट सवय आहे, म्हणून मी सविस्तर लिहितो.

आमचा अरविंद इंदूरला शिकायला गेल्यापासून त्याचा कॉम्प्युटर रिकामाच होता. त्यात एक खेळ सापडला. दादा, काय खेळ आहे! नुसत्या रिकाम्या चौकटी. प्रत्येक आडव्या ओळीपुढे आणि उभ्या ओळीच्या डोक्यावर आकडे. पाच लिहिलं की त्या ओळीत सलग पाच घरं काळी करायची; कुठली पाच, ते आडवे-उभे आकडे जुळवून आपण शोधायचं, आणि जुळलं की चित्र उगवतं! मी जेवण विसरलो. (चहा नाही.) निर्मला आधी कुरकुरली, मग शेजारी स्टूल घेऊन बसली, आणि दोन दिवसांत मी स्टुलावर आणि ती खुर्चीवर.

परवा सगळ्यात मोठं चित्र अर्ध्यावर आलं आणि लाईट गेली. लाईट गेली की हा कॉम्प्युटर सगळं विसरतो. पण निर्मलाने आकडे कॅलेंडरमागे उतरवून ठेवले होते. तिने सरळ अंगणात ठिपके टाकले, चौकटी आखल्या आणि रांगोळीने घरं भरायला घेतली. बघता बघता गल्ली जमली. वाकडं, खाली लोंबणारं काहीतरी दिसायला लागलं, तसा समोरचा केळीचा व्यापारी चुडामण ओरडला, “भाऊ, हा तर पक्का केळीचा घड आहे! रोज ट्रक भरतो मी, मले नाही समजणार का?” आणि दादा, आपल्या बुऱ्हाणपुरात एकाने केळी म्हटलं की बाकीच्यांना दुसरं काही दिसतच नाही. मलाही घड दिसला, फण्यांसकट! निर्मला म्हणाली, “आकडा तीन म्हणतोय. तुमच्या घडासाठी सात कुठून आणू?” मी जोशात होतो. तिने भरलेल्या दोन ओळी मी खराट्याने झाडल्या आणि चार लोकांदेखत घड भरला. टाळ्या पडल्या. ती हात धुऊन आत गेली. सकाळी बस.

काल लाईट आल्यावर मी तोच घड कॉम्प्युटरवर भरायला बसलो. प्रत्येक केळ्याला लाल फुली! शेवटी झक मारत तिच्या आकड्यांनी चाललो, आणि कान आला! सुपाएवढा कान, दादा! मग पाय! अहो, हत्ती आहे हत्ती, लोंबत होती ती सोंड! मी घरात एकटाच ओरडलो, आणि ऐकायला कोणी नव्हतं. फार वाईट वाटलं.

बाकी एवढंच कळवायचं होतं. वहिनींना नमस्कार.

आपला,
प्रभाकर

ता. क. : निर्मलाला पाठवावं. चूक माझी होती, हे सगळ्या गल्लीसमोर सांगायला मी तयार आहे.

ता. क. २ : तिला सांगावं, अंगणातली रांगोळी मी स्वतः मांडी घालून पुन्हा काढली. पूर्ण हत्ती भरला. फक्त शेपूट तिच्या मानासाठी रिकामं ठेवलंय.

ता. क. ३ : हे आपल्यापुरतंच. शेपूट मला येत नाही, कॉम्प्युटरवरही तेवढंच अडलंय. सकाळपासून बसलोय. चुडामण म्हणतो, ते केळीचं पान आहे, आणि मलाही आता पानच दिसायला लागलंय. हे पत्र आणणाऱ्या सुकलालबरोबरच तिला पाठवावं.