आवाज वेगळाच ठेवा, असं मी बोलून गेलो

अण्णा, तुम्हाला जाऊन पस्तीसेक वर्षं झाली असतील, आणि मी आज तुमच्याशी भांडायला बसलो आहे. तुम्ही होतात तेव्हा तुमच्यासमोर माझं तोंड उघडायचं नाही. आठवीत शाळा सुटलेली, हातातली विद्या काय ती तुम्ही शिकवलेली, मग कुठल्या तोंडाने बोलणार? आता मी वयाने तुमच्याही पुढे गेलो आहे, तेव्हा ऐकून घ्या. तुम्ही शिकवलेली एक गोष्ट मी सत्तरी उलटल्यावर चार शिकलेल्या माणसांत छाती पुढे काढून सांगितली, आणि तिने माझ्या घराची वाट लावली.

ती सकाळ तुम्हाला आठवत असेल. घाटकोपरचं आपलं रेडिओ दुरुस्तीचं दुकान, तुम्ही मालक आणि मी हाताखालचा पोऱ्या, जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढं, आणि माहुलची ती कोळीण म्हातारी. बाजारात मासळीची पाटी लावायची आणि जाता येता दुकानात डोकवायची. मुलगा होडीवर, म्हणून तिला रेडिओवर हवामान ऐकायचं असे. सेल परवडत नाहीत म्हणून तिने आपल्याकडून एलिमिनेटर नेला होता, विजेवर ट्रान्झिस्टर चालवायचा तो छोटा डबा. पण तिची बोटं आखडलेली, दोन वायरी ती उलट्या जोडायची आणि रेडिओ बंद पडायचा. तीनदा पडला. चौथ्यांदा आला तेव्हा मला वाटलं, तिच्या डोक्याला हा ताप कशाला? मी रेडिओ उघडला, एलिमिनेटरचं सगळं पोट काढून रेडिओच्या आत बसवलं, वरून झाकण लावलं. बाहेर एकच वायर. भिंतीत खोचली की झालं. मी खुशीत होतो अण्णा. बावीस वर्षांचा होतो, आणि पहिल्यांदाच स्वतःच्या डोक्याने काहीतरी केलं होतं.

तुम्ही तो सेट चालू केलात, कानाला लावलात. गाण्याच्या मागे घूं घूं वाजत होतं. झाकण उघडलंत आणि म्हातारीसमोर, समोरच्या पानवाल्यासमोर ओरडलात, "मेल्या, ह्यां कोणी केल्यान? लोकांच्या रेडिओच्या पोटात आपला सामान भरूक तुका कोणी सांगल्यान? उद्या तुझो ट्रान्सफॉर्मर जळलो तर म्हातारेचो रेडिओ पण गेलो! भायर रवलो तर एकटो जळतलो." आणि पक्कडीने सगळं उपटून काढलंत. पानवाला महिनाभर मला बघून "काय रे, आज कोणाच्या पोटात काय भरलंस?" असं विचारायचा. मला त्या दिवशी दुकान सोडून जावंसं वाटलं होतं. गेलो नाही. उलट तुमचं ते वाक्य मी जन्मभर जपलं. मूळ वस्तू मूळ ठेवायची, जोड बाहेर ठेवायची.

आता माझ्या घरचं सांगतो. माझी बायको बालवाडीत शिकवायची, तुम्ही तिला आमच्या लग्नात पाहिलं होतं. साखरेच्या आजाराने तिचे डोळे गेले, सहा वर्षं झाली. आम्ही मुलुंडला दोन खोल्यांत दोघंच असतो. नातीने तिला कॉम्प्युटर आणून दिला. त्यात एक प्रोग्रॅम आहे, तो पडद्यावर जे असेल ते बोलून दाखवतो, आपण टाइप केलेलं अक्षरही बोलतो. त्याला पैसे पडत नाहीत, आणि तो कोणा एकाच्या मालकीचाही नाही. जगभरातले लोक मिळून बनवतात, कोणीही उघडून बघावा, दुरुस्त करावा. पण तो इंग्रजीत बोलतो. त्याला मराठी आवाज द्यायचं काम विलेपार्ल्याला एका शाळेच्या वर्गात दर रविवारी दुपारी जमणारी पाच-सहा पोरं करतात. मी तिथे जायला लागलो. मला त्यातलं काही येत नाही. मी फक्त ऐकतो आणि कुठे आवाज अडखळतो, कुठे खरखरतो ते वहीत लिहितो. ते काम मला येतं, ते तुमच्याकडचंच. घरी बायको त्या आवाजावर मुलांसाठी गोष्टी लिहायला लागली. एक कासवाची, एक बसच्या कंडक्टरची. आंधळेपणानंतर पहिल्यांदा ती मला म्हणाली, "थांबा हो, मी कामात आहे."

मग मूळ प्रोग्रॅमवाल्यांनी विचारलं की तुमचा मराठी आवाज आम्ही आमच्या आतच घालू का, की तो वेगळाच ठेवायचा, ज्याला हवा त्याने इंटरनेटवरून उतरवून घ्यावा? त्या रविवारी वर्गात बरीच वादावादी झाली. आवाजाचं मुख्य काम करणारी मुलगी घाटकोपरची, हुशार. ती म्हणाली, "आत गेलं की आपल्या हातातून गेलं. आज काही बिघडलं तर मी आजच दुरुस्त करते. आत गेल्यावर त्यांची पुढची आवृत्ती येईपर्यंत थांबा." बोरिवलीचा एक मुलगा आहे, बँकेत नोकरीला, जन्मापासून दिसत नाही. तो म्हणाला, "आणि आवाज उतरवून घ्यायची सूचना कोण वाचून दाखवणार? इंग्रजी आवाज? माझ्या आईला? तिलाही दिसत नाही, इंग्रजीही कळत नाही."

तेव्हा मी उठलो. मला कोणी विचारलं नव्हतं. मी तुमचा एलिमिनेटर सांगितला, तुमची नक्कल करून, मालवणीत. पोरं खो खो हसली. "एकटो जळतलो" वर टाळ्या पडल्या. कोणीतरी म्हणालं, "काका झकास!" ती मुलगी म्हणाली, "बघा, काकांनी एका वाक्यात सांगितलं." आवाज वेगळा ठेवायचा ठरला. बोरिवलीचा मुलगा तेवढा हसला नाही. घडीची काठी उघडत म्हणाला, "काका, तुम्हाला दिसतं, म्हणून तुम्हाला वेगळं परवडतं." मला राग आला. हा कालचा पोर मला शिकवतो, असं वाटलं. घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात त्याला उत्तरं देत होतो.

चार महिन्यांनी मी अंधेरीला चुलतभावाच्या बाराव्याला गेलो. निघताना गॅस तीनदा बघितला, नळ बघितला, बायकोला पाणी, फोन, गोळ्या सगळं हाताशी ठेवलं. कॉम्प्युटर बघायचं मला सुचलं नाही, त्यात काय बघायचं? त्या सकाळी मूळ प्रोग्रॅम आपोआप नवा झाला आणि नव्यासमोर आमची मराठी जोड जुनी पडली. त्याने ती बाजूला काढून ठेवली. तसं सांगितलंही त्याने. इंग्रजीत. बायको गोष्ट लिहायला बसली आणि तो परका आवाज भरभर बोलत सुटला. तिने एक कळ दाबली, दुसरी दाबली. प्रत्येक कळीला तो आणखी बोलायचा. मला फोन करावा तर मी बाराव्याला बसलेला, म्हणून केला नाही. शेवटी चाचपडत तिने वायर ओढली. मी संध्याकाळी आलो तर ती पलंगाच्या कडेला बसलेली, वायर हातात तशीच. म्हणाली, "माझ्या हातून मोडलं हो. काय दाबलं मी, काही कळलं नाही."

दुसऱ्या दिवशी मी घाटकोपरच्या त्या मुलीला फोन केला. माझा आवाज चढला होता. ती म्हणाली, "काका, मूळ प्रोग्रॅम बदलला ना, म्हणून आपलं बंद पडलं. मी रात्रीच नवं टाकलंय, उतरवून घ्या."

"कोणी उतरवायचं? जिला दिसत नाही तिने?"

ती हळूच म्हणाली, "काका, वेगळं ठेवा असं तुम्हीच म्हणालात ना?"

त्या रात्रीपासून मी तुमच्याशी भांडतो आहे. तुमचा तो एलिमिनेटर बाहेर ठेवायचा नियम काय नुसता म्हातारीच्या रेडिओच्या काळजीपोटी होता? बाहेर असला की गिऱ्हाईक परत आपल्याच दारात येतं, हे तुम्हाला कळत नव्हतं थोडंच. आणि मला चारचौघांत सोलून काढलंत त्याचं काय? बाजूला घेऊन सांगितलं असतंत तर मी ते वाक्य देव्हाऱ्यात मांडून ठेवलं नसतं. इतका अपमान झालेली गोष्ट खरीच असणार, असं धरून चाललो मी.

पण भांडता भांडता मला त्या सकाळचा पुढचा भाग आठवतो, आणि त्याने माझा आणखी जळफळाट होतो. सगळं उपटून काढल्यावर तुम्ही एका वायरीला लाल रंग लावलात, म्हातारीला काउंटरच्या आत तुमच्या स्टुलावर बसवलंत आणि तिच्याकडून ती वायर जोडून घेत राहिलात. पुन्हा काढा, पुन्हा जोडा. शेवटी ती वैतागून म्हणाली, "मना कललं रं बाबा, आता बस कर!" त्यानंतर तिने वायर कधी उलटी जोडली नाही. आणि जोडली असती तरी तुम्ही बाजारापासून दहा पावलांवर होतात. पार्ल्याच्या वर्गात मी हा भाग सांगितलाच नाही. "एकटो जळतलो" वर टाळ्या पडल्या होत्या, त्यानंतर स्टुलाची गोष्ट सांगून हशा कोण घालवणार?

मी बायकोला नवा आवाज उतरवून दिला आहे. नातीला फोनवर धरून, दोन तास लागले. मराठी स्वच्छ बोलतो. ती हात लावत नाही. "राहू दे, पुन्हा माझ्या हातून बिघडेल," म्हणते. कंडक्टरची गोष्ट अर्धी आहे. मी रोज सकाळी कॉम्प्युटर चालू करून ठेवतो, रोज दुपारी बंद करतो.

येत्या रविवारी पार्ल्याला पुन्हा तोच विषय निघणार आहे. मी उठून सांगणार आहे की आवाज आत घाला, घूं घूं वाजलं तरी चालेल, दुरुस्तीला उशीर झाला तरी चालेल. फार तर ती पोरं हसतील, बोरिवलीचा तो मुलगा एखादा टोमणा मारेल. ते मी ऐकून घेईन. तिथे बोलायची मला भीती नाही.

भीती घरात आहे. तिला अजून वाटतं की ते तिच्या हातून मोडलं, आणि मी तिला वाटू दिलं आहे. ती आत्ता बाजूच्याच खुर्चीवर शेंगा सोलते आहे. मघाशी म्हणाली, "केव्हाचं पेन खरखरतंय, काय लिहिताय एवढं?" मी म्हणालो, गॅसवाल्याला अर्ज. अण्णा, मला दोन बोटांनी का होईना, टाइप करता येतं. पण ते मशीन तिला सगळं वाचून दाखवतं, म्हणून मी कागद घेतला.