चौथ्या कलमातली रिकामी जागा

प्रिय,
(तुला हा शब्द नकोसा असेल, तर खोडलाय असं समज.)

तुझ्या करारातलं चौथं कलम वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. कॉलेज सोडल्यापासून मी तुझ्या समुपदेशक बाईंकडे गोपनीयतेचे करार टाइप करतो, हे तुला ठाऊक नाही. माझ्या सुट्टीच्या दिवशी तू कच्चा मसुदा भरून गेलीस. ‘माझ्याविषयी काहीही कळू नये अशी व्यक्ती’ यापुढे तुझ्या अक्षरात होतं: तोफ.

बाई हसल्या. “तोफ? हे काय नाव झालं! फोन करून विचार तिला.”

“टोपणनाव असेल, बाई,” मी फोन टाळत म्हटलं. “असतात अशी माणसं.”

पण संशय जाईना. हे नाव तू मलाच ठेवलेलं, दारं आपटायचो म्हणून. माझ्या नावाने काय काय सांगितलंस? की दुसराच कुणी आहे आणि मला पत्ता लागू द्यायचा नाही? बाई हात धुवायला गेल्या तशी मी तुझी फाईल उघडली. एकच ओळ वाचली: ‘कुणी दार आपटलं की मी अजून दचकते.’

बाई परतल्या. म्हटलं, “चौथं कलम मोडलं मी. तो तोफ मीच.”

त्या काही बोलायच्या आत ऑफिसच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या, नोकरी सोडली. हे पत्र पाठवणार नाही. एकदा मोडलं तेवढं पुरे. बाहेर आलो आणि दार दोन्ही हातांनी, आवाज न करता लावलं.

तोफ